सात नंबरची धूळ

रविवारी सकाळी सहा वाजता संशोधन संस्थेच्या गेटवरचा पहारेकरी डॉक्टर सबीकाला “नईमन” म्हणाला, तेव्हा तिला वाटलं, केस कापलेत म्हणून असेल.

आमच्याकडे नाहून आलेल्याला, हजामत करून आलेल्याला ‘नईमन’ म्हणतात, आणि समोरच्याने ‘अल्ला तुलाही सुख देवो’ असं उत्तर द्यायचं असतं. सबीकाने ते दिलं. पुढे चहावाला भेटला. “नईमन, दुक्तूरा.” त्यालाही दिलं. मग वाचनालयातली बाई, जिने सहा वर्षांत सबीकाला पुस्तक परत करण्याची तारीख सोडून दुसरं काहीही सांगितलेलं नव्हतं, ती खिडकीतून अर्धी बाहेर येऊन म्हणाली, “नईमन बरं का, अगदी आरशासारखा दिसतोय.”

सबीका थांबली. केस तिने बुधवारी कापले होते. बुधवारच्या केसांचं रविवारी इतकं कौतुक होत नाही, आणि कोणत्याही केसांना ‘आरसा’ म्हणत नाहीत.

ती पळत सुटली.

संस्थेच्या मागे, कुंपणाच्या आत, वाळूत वीस सौर पॅनल एका ओळीत दक्षिणेकडे तोंड करून उभे होते. त्यातले एकोणीस दर आठवड्याला धुतले जायचे. सात नंबरचा नाही. सात नंबरला नऊशे बहात्तर दिवसांत पाण्याचा थेंब कुणी दाखवला नव्हता. वरून पडला तेवढाच, आणि कुवेतमध्ये वरून काय पडतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्याबरोबर चिखल पडतो.

सात नंबरच्या काचेवर एक लेप होता. उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या कंपनीचा. त्या देशात आठ महिने पाऊस पडतो, म्हणून बहुधा त्यांना धुळीवर संशोधन करायला निवांत वेळ मिळतो. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं, ‘धूळ बसतच नाही’, आणि खाली कमळाच्या पानावर पाण्याचा थेंब. सबीकाचं म्हणणं असं, की पहिले चार महिने खरंच बसत नाही. मग रात्री समुद्राकडून खारं दव येतं, त्यात तोझची, म्हणजे वादळाची बारीक धूळ कालवली जाते, सकाळी ऊन ते भाजून काढतं, आणि गवंड्याने गिलावा करावा तसा थरावर थर चढतो. साधी काच त्या मानाने बरी. लेपावर गिलावा जास्त घट्ट बसतो.

हे तिने शंभर दिवसांनी सांगितलं तेव्हा सरकारी समिती म्हणाली, शंभर कमी आहेत. पाचशे दिवसांनी सांगितलं तेव्हा समिती म्हणाली, पाचशे हा काही गोल आकडा नव्हे. गोल कोणता, असं तिने विचारलं. हजार, म्हणाले. तेव्हा ती हजार दिवसांच्या मागे लागली. शुक्रवार-शनिवारची सुट्टी सोडली तर तीन उन्हाळे ती रोज सकाळी सहाला येऊन सात नंबरची नोंद करत होती. उत्तरेच्या वाळवंटात लाखो पॅनल बसायचे होते, सगळ्यांवर हाच लेप. ते असे गिलावले, तर धुवायला पाणी लागणार. पाणी समुद्राचं, गोडं करायला तेल जाळायचं. तेल वाचवायला पॅनल, पॅनल धुवायला पाणी, पाणी करायला तेल. या विषयावर सबीकाने एकदा भाषण केलं होतं. शेवटी तिला भेट म्हणून कापडी पिशवीतून पाण्याची बाटली मिळाली.

सत्तावीस दिवस उरले होते.

आणि आता सात नंबर झगमगत उभा होता. त्याच्यात आकाश दिसत होतं. एक कबुतर त्याच्यात स्वतःला बघून मान फुगवत होतं.

शेजारी राफत उभा होता. राफत हा इजिप्तचा, तिचा तंत्रज्ञ, वय पंचावन्न, पोट त्याहून जुनं वाटावं असं. त्याला सगळे बाशमुहंदिस, म्हणजे इंजिनिअरसाहेब, म्हणत.

“बाशमुहंदिस,” सबीका अगदी हळू म्हणाली. राफतला तिचा हळू आवाज माहीत होता. तो एक पाऊल मागे सरकला. “हे काय आहे?”

“सात नंबर.”

“सात नंबर असा दिसतो?”

“गुरुवारपर्यंत नव्हता दिसत. मी सुट्टीवर होतो, दुक्तूरा. बायकोच्या भावाकडे मासे खात होतो. फोटो आहेत. माशांसकट.”

“मी तुला विचारलं का?”

“नाही. पण तुमचा चेहरा विचारतोय.”

सबीकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण हात मात्र सवयीने मीटरकडे गेले. तिने आकडा वाचला. पुन्हा वाचला. त्या कोवळ्या उन्हात स्वच्छ काच देईल तेवढी पूर्ण वीज सात नंबर देत होता. शंभरातले शंभर.

“हा धुतलेला नाही,” ती म्हणाली.

“दुक्तूरा, कबुतर त्यात भांग पाडतंय.”

“तीन वर्षांचा गिलावा धुऊन शंभर येत नाहीत. ऐंशीही येणार नाहीत.” ती गुडघ्यांवर बसली आणि पॅनलखाली शिरून मागचा क्रमांक वाचू लागली. बाहेर आली तेव्हा तिच्या नव्या केसांत वाळू होती. “बदललाय. हा कोरा आहे. माझा कुठे गेला?”

राफतने केसांकडे बघितलं आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

“नईमन म्हणालास तर बघ,” सबीका म्हणाली.

*

अतिथी विभागाचा प्रमुख फवाज खजुरांची खोकी गाडीत भरत होता. फवाज हा मनाने अत्यंत चांगला माणूस. त्याच्यामुळे संस्थेचं जे काही नुकसान आजवर झालं, ते सगळं चांगुलपणातून झालं होतं.

“डॉक्टरीण बाई, नईमन,” तो म्हणाला. “पाहिलात ना? काय चमकतोय. आज कंपनीची माणसं आलीत, चांगले सात जण. पाहुण्यांना घाणेरडा पॅनल दाखवायचा? तोही त्यांचाच? आपल्या घरी पाहुणा आला आणि त्यानेच दिलेल्या ताटावर आपण खरकटं ठेवलं तर कसं दिसेल?”

“तो घाणेरडा असणं हेच त्याचं काम होतं, फवाज.”

“म्हणजे?”

“तीन वर्षं तो ते काम करत होता. इथल्या बऱ्याच जणांपेक्षा नियमित.”

फवाजने यावर खरोखर विचार केला. “हे मला कुणी सांगितलं नाही.”

“त्याच्यावर पाटी होती. ‘धुवू नये.’ तीन भाषांत.”

“पाटीवर धूळ बसली होती हो. वाचता येत नव्हती.”

सबीकाने डोळे मिटले. उघडले. “जुना पॅनल कुठे आहे?”

“आधी आम्ही धुवायचाच प्रयत्न केला, खोटं नाही सांगत. शुक्रवारचा अख्खा दिवस. चार माणसं लावली. निघेना. शेवटी बू दुऐज म्हणाले, बदलून टाका.”

बू दुऐज म्हणजे संस्थेचे संचालक, डॉक्टर मिशारी. थोरल्या मुलाचं नाव दुऐज, म्हणून बू दुऐज, दुऐजचा बाप. सबीकाला वाटलं होतं, हा एकट्या फवाजचा अतिउत्साह असेल. आता तिला कळलं की वरून हुकूम आलाय, आणि मग बाकीचंही कळलं. मंगळवारी कंपनीबरोबर सह्या होत्या. हजार दिवसांच्या पंचवीस दिवस आधी. समिती पाहणीला येणार, सात नंबर चमकताना बघणार, ‘धूळ बसतच नाही’ असं म्हणणार आणि पेनचं टोपण काढणार.

“कुठे आहे, फवाज?”

“टाकला नाही हो, घाबरू नका. वाया कसा घालवू?” फवाजचा चेहरा उजळला. “बू दुऐजांच्या तळावर आहे. आज दुपारचं जेवण तिथे. पाहुण्यांचे गुडघे वाकत नाहीत, जमिनीवर बसवणार कसं? टेबल हवं होतं. त्याखाली विटांचे चार पाय रचले, वर नायलॉन अंथरलं. मजबूत काच आहे. गारपीट झेलते म्हणतात, मग मेंढा झेलणार नाही?”

सबीकाचा चेहरा एकदम शांत झाला. राफतने नंतर आपल्या मेव्हण्याला सांगितलं, की आपण तोझ येताना बघितलंय, समुद्र खवळताना बघितलाय, पण ते शांत झालेलं तोंड पुन्हा बघायची इच्छा नाही.

*

पिकअपची परवानगी मिळेपर्यंत दहा वाजले. ती राफतने चालवली. तळ शहरापासून तासाभरावर, थंडीच्या दिवसांत सगळं कुवेत जिथे तंबू ठोकून बसतं त्या बाजूला. वाटेत सबीका एकदाच बोलली.

“मेंढा,” ती म्हणाली.

“हो, दुक्तूरा,” राफत म्हणाला.

तंबू लांबलचक होता. एका टोकाला बू दुऐज आणि त्यांचे वडील हाजी दुऐज, ज्यांचं नाव नातवाला ठेवलं होतं. हाजींचं वय चौऱ्याऐंशी, दात स्वतःचे, मतंही स्वतःची. मधे सात पाहुणे, आणि त्यांच्यासमोर बुटकं, लांबट, काळ्या कडांचं टेबल. त्याच्यावर फुलाफुलांचं नायलॉन, नायलॉनवर खजूर. मेंढा अजून चुलीवर होता. अल्लाची कृपा.

पाहुण्यांची स्थिती चांगली नव्हती. आमच्याकडे गहव्याचं, म्हणजे कडू अरबी कॉफीचं, फिंजान, ती बिनकानाची चिमुकली कपबशीतली बशी हरवलेली वाटी, रिकामी झाली की पुन्हा भरतात. नको असेल तर ती हलवून परत द्यायची. हे पाहुण्यांना कुणी सांगितलं नव्हतं. फवाज डाव्या हातात किटली घेऊन उभा होता आणि मनापासून ओतत होता. पाहुण्यांचे प्रमुख, हॅल्वर्सेन नावाचे उंच गृहस्थ, बाराव्या फिंजानावर होते. त्यांच्या डाव्या डोळ्याची पापणी आपणहून उडत होती.

सबीका आत आली. लॅबचे बूट, केसांत वाळू.

“अरे, सबीका,” बू दुऐज उठले. त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं. “ये, ये. जेवायलाच आलीस, उत्तम झालं. ही आमची डॉक्टर सबीका, धुळीतली तज्ज्ञ.”

“टेबल छान आहे, बू दुऐज,” ती म्हणाली.

“बस आधी. गहवा घे.”

ती टेबलाशी बसली. फवाजने फिंजान भरून दिलं. तिने ते उजव्या हाताने घेतलं, आणि तोंडाला न लावता, भरलेलं तसंच, समोर टेबलावर ठेवलं.

तंबूतला आवाज बंद झाला. बाहेर एक उंट काहीतरी चावत होता, तेवढंच ऐकू येत होतं.

ही रीत आता कुणी पाळत नाही. आजोबांच्या काळातली. मागणं घेऊन आलेला पाहुणा यजमानाचा गहवा प्यायचा नाही. भरलं फिंजान समोर ठेवायचा. यजमानाने ‘पी, तुझं काम झालं’ म्हटल्यावर मगच उचलायचा. आणि ज्याच्या घरून पाहुणा असं फिंजान न पिता परत गेला, त्या घराचं नाव वाळवंटात चार पिढ्या लोक हसून घेत. संस्थेत अर्ज तेरा खिडक्यांतून जातात, पण या अर्जाला खिडकी नव्हती.

बू दुऐज हसले. “सबीका, बाळ, आपण शिकलेली माणसं. उद्या ऑफिसात बोलू की.”

ती टेबलाकडे बघत राहिली.

“मिशारी,” कोपऱ्यातून हाजी म्हणाले. “पोरीनं फिंजान ठेवलंय. तुला दिसतंय, की मी सांगू?”

“बाबा, ही आमच्या कामाची गोष्ट आहे. धूळ आहे ती.”

“वाळूत बसलायस आणि धुळीला नावं ठेवतोस.”

“बरं. काय हवंय ते तरी आधी सांगू दे तिला.”

“आधी विचारायचं नसतं, गाढवा. आधी द्यायचं असतं. तुला शाळेत घातला तिथेच चुकलो मी.”

एवढ्यात हॅल्वर्सेन साहेबांनी एक गोष्ट हेरली. या बाईने फिंजान खाली ठेवलं, आणि किटली थांबली. नऊ वाजल्यापासून ते ज्या युक्तीच्या शोधात होते ती हीच होती. त्यांनी आपलं बारावं फिंजान, भरलेलं, अलगद टेबलावर ठेवलं. शेजारच्या बाईंनी ठेवलं. मग ओळीने सगळ्यांनी, सुटकेचा निःश्वास टाकत.

टेबलावर आठ भरलेली फिंजानं झाली.

हाजी दुऐज पुढे वाकून मोजू लागले. त्यांच्या आयुष्यात एका वेळी दोनपेक्षा जास्त बघितली नव्हती. “सुभानल्ला,” ते म्हणाले. “मिशारी, तू या माणसांचं केलंस तरी काय?”

बू दुऐजांच्या कपाळावर घाम आला. “बाबा, त्यांना कळत नाहीये ते काय करतायत.”

“आठ जणांना कळत नाही, आणि तुला एकट्याला कळतं.” हाजींनी काठी आपटली. “फवाज, त्या लांब माणसाला विचार, मागणं काय आहे.”

फवाजने विचारलं. हॅल्वर्सेन साहेब गोंधळले. मागणं त्यांना एकच होतं, शौचालय, पण ते सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं. त्यांनी सबीकाकडे बघितलं आणि सभ्यपणे म्हणाले, “जे या डॉक्टरांना हवंय, तेच आम्हालाही.”

फवाजने ते अरबीत सांगितलं. आनंदाने सांगितलं, कारण पाहुण्यांचं एकमत त्याला नेहमीच आवडायचं.

बू दुऐजांनी खाली बघितलं. वर बघितलं. तंबूच्या दोऱ्यांतही सुटका नव्हती. “पी, सबीका,” ते शेवटी म्हणाले, एकेक अक्षर दाढेखालून काढल्यासारखं. “तुझं काम झालं.”

“हे टेबल मला आत्ता परत हवं,” सबीका म्हणाली. तिचा आवाज आता हळू नव्हता. “हजार दिवस होईपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. फडक्याने नाही, पाण्याने नाही, चांगुलपणाने तर नाहीच. तोवर सह्या नाहीत. आणि माझा अहवाल जसाच्या तसा समितीकडे जाईल. तीन वर्षं मी रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहिले, बू दुऐज. ताप असताना. माझी आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी. आणि तुम्ही त्याच्यावर मेंढा वाढणार होतात.”

तिने फिंजान उचललं आणि एका घोटात संपवलं. थंड झालं होतं. मग तिने खजुरांचं ताट फवाजच्या हातात दिलं, बाकीची फिंजानं तिच्या मागून आत आलेल्या राफतने उचलली, आणि तिने नायलॉनचं एक टोक धरून ओढलं.

खाली सात नंबर होता. राखाडी, खरखरीत, जुन्या भिंतीसारखा. वरवरची धूळ नव्हती ती. दगड होता.

हॅल्वर्सेन साहेबांनी चष्मा लावला. “हे काय आहे?”

“तुमचा लेप.”

त्यांनी नख लावून बघितलं. नख तुटलं. “आणि हे धुतल्यावर?”

“फवाजला विचारा,” सबीका म्हणाली.

फवाज सरसावला. कौतुकाची संधी त्याच्याकडे इतक्या दिवसांनी आली होती. “सगळं करून बघितलं, साहेब. कपड्यांची पावडर. मग व्हिनेगर. मग लिंबं, दोन किलो. भांड्यांची तारेची घासणी. मग माझ्या आईने सांगितलं म्हणून चुलीतली राख. शेवटी पेट्रोल. ढिम्म. असा टिकाऊ माल मी जन्मात बघितला नाही. कंपनीचं खरंच अभिनंदन.”

पाहुण्यांतल्या बाईंनी वही काढली आणि लिहून घेऊ लागल्या. “तारेची घासणी किती वेळ?” त्यांनी विचारलं.

“दुपारच्या नमाजापासून मावळतीपर्यंत.”

बाईंनी तेही लिहिलं. हॅल्वर्सेन साहेब तुटलेलं नख बघत बसले. मग त्यांनी अगदी हळू आवाजात राफतला विचारलं, की या तळावर शौचालय कोणत्या बाजूला आहे.

*

सबीकाने नोंदवहीत काही लपवलं नाही. ‘दिवस ९७१ ते ९७३: जागेवर नाही. नायलॉनखाली. खजुराचा डाग, एक. धुण्याचा अनधिकृत प्रयत्न, सहा प्रकारे, अयशस्वी. राहिलेला गिलावा जवळजवळ पूर्ण.’ तिला माहीत होतं, यावरून वाद घालणारे घालतील. तीन दिवसांचं भोक पडलं ते पडलं. आपल्याच माणसांनी पाडलं, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. मंगळवारच्या सह्या लांबल्या. लोकांना वाटलं, आता तिचा राग उतरेल. राग उतरायला तो चढलेला असावा लागतो. हिचा मुक्कामाला आला होता.

आठ दिवसांनी, सकाळी, सात नंबरची वीज अचानक आणखी पडली. आधीच कमी होती, त्याच्याही निम्मी.

सबीका बाहेर आली. सात नंबरच्या बरोबर समोर, दक्षिणेला, पुरुषभर उंच आणि दोन माणसं रुंद अशी एक भली थोरली नवी पाटी रोवली होती. निळ्या रंगाची, सोनेरी अक्षरांची, सिमेंटमध्ये पक्की. ‘हा पॅनल अत्यंत मौल्यवान आहे. कृपया हात लावू नये. आदेशावरून, संचालक.’ पाटी नुकतीच पुसलेली होती.

तिची सावली अख्ख्या सात नंबरवर पडली होती.

“फवाजने स्वतः उभं राहून लावून घेतली,” राफत म्हणाला. “तुमचा आनंद बघायला थांबणार होता. मी त्याला घरी पाठवलं.”

“पहार आण,” सबीका म्हणाली.

“माणसं बोलावतो.”

“पहार आण, राफत.”

तिने स्वतः उकरलं. सिमेंट चांगल्या प्रतीचं होतं. संस्थेत चांगल्या प्रतीच्या वस्तू नेमक्या नको तिथेच लागतात. पाऊण तास ती घाव घालत होती, आणि प्रत्येक घावाला एकेक नाव घेत होती, पहिल्या समितीपासून सुरू करून. तिसऱ्या समितीच्या उपाध्यक्षाला पाटी हलली. संचालकांच्या नावाने शेवटचा घाव घातला आणि ती वाळूत उताणी पडली.

सबीका उभी राहिली. डोक्यापासून पायापर्यंत घामाने निथळत होती. केसांतून पाणी ठिबकत होतं.

राफतने तिच्याकडे बघितलं. मग पाटीकडे. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“नईमन, दुक्तूरा,” तो म्हणाला.

पहार अजून तिच्या हातात होती. तिने ती वाळूत रोवली, सावली सात नंबरवर पडणार नाही अशा बाजूला.

“अल्ला तुलाही सुख देवो,” ती म्हणाली, आणि वही उघडून लिहिलं: ‘दिवस ९८१. सावली, दोन तास दहा मिनिटं. कारण: आदर.’